घ्या टॅब, माझं दुकान चालू राहू द्या

नाशिकमध्ये सीबीएसच्या जवळ माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. एका हाकेवर कोर्ट, दुसऱ्या हाकेवर कलेक्टर कचेरी, आणि मधे दहा बाय आठच्या गाळ्यात तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन घेऊन बसलेला मी. "आता टॅब आलेत, कॉम्प्युटर लागतो कशाला?" हे वाक्य महिन्यातून चार वेळा तरी कानावर पडतं. बोलणारा दर वेळी माझ्या काउंटरवर कोपरं टेकून उभा असतो आणि माझ्या कॉम्प्युटरवर त्याचं काम होण्याची वाट बघत असतो.

मी गप्प बसतो. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं घर चाललंय? पण आज रविवार, कोर्ट बंद, कचेरी बंद, म्हणून दुकानही बंद. बोलून घेतो. टॅब घेतला म्हणून कॉम्प्युटर संपत नाही. तो तुमच्या टेबलावरून उठतो आणि माझ्या टेबलावर येऊन बसतो, आणि त्याचं भाडं तुम्ही मला पानामागे 40 रुपये या दराने भरता. तेव्हा मी टॅबच्या विरोधात लिहितोय म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणतोय, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कोर्टाला मेची सुट्टी लागायला थोडे दिवस होते. आमच्याकडे नेहमी येणारे एक वकीलसाहेब नवा टॅब घेऊन आले. लाखाच्या घरातला. त्याला चिकटणारा कीबोर्ड वेगळा विकत घेतलेला, पेन्सिल वेगळी, उभा करायचा स्टँड वेगळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आता बदलायला हवी, कारण इथे कोंबडीही बारा आण्याचीच आहे. तर साहेबांनी गाडीत बसल्या बसल्या टॅबला अख्खं प्रतिज्ञापत्र तोंडी सांगितलं होतं. "फक्त प्रिंट मार," म्हणाले. मी वाचलं. 'सदर मिळकत'चं 'सदर मिळत' झालं होतं, 'दस्त'चं 'जास्त', आणि 'मयत यांचे वारस' होते ते 'मैत्री यांचे वारस' होऊन बसले होते. मेलेल्या माणसाला टॅबने मैत्रीत बसवलं, वारसांसकट.

बरं, प्रिंट मार म्हणजे तरी काय? 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर वरचा छापील भाग सोडून किती इंचाखाली पहिली ओळ यायला हवी, डावीकडे फाइलला टोचायला किती जागा हवी, शेवटच्या पानावर सही एकटीच लटकू नये म्हणून वरच्या दोन ओळी खाली कशा ओढायच्या, हे सगळं हाताने बसवावं लागतं. एक चूक, आणि 500 रुपये कचऱ्याच्या डब्यात. टॅबवर ते दोन बोटांनी चिमटा काढून मोठं-लहान करून बघता येतं. बघता येतं, बसवता येत नाही. साहेबांचं प्रतिज्ञापत्र मी पहिल्या ओळीपासून नव्याने टाइप केलं. सहा पानं, 240 रुपये. त्यांनी ते टॅबवरूनच यूपीआयने दिले आणि "बघ, कसं झटक्यात झालं!" असं म्हणाले. मी नमस्कार केला.

जाताना म्हणाले, "मागच्या केसची फाइल पाठवून दे, टॅबवर ठेवतो." पाठवली. पाच मिनिटांत फोन. "अरे, हे काय पाठवलंस? नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि फुल्या!" आता इथे खरं बोलायला हवं. हा दोष टॅबचा नव्हता, आमच्या धंद्याचा होता. आमची वर्षानुवर्षांची मराठी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. मशीनमध्ये तो फॉन्ट असेल तोवर मराठी, नसेल तर कडबोळं. केव्हाच युनिकोडवर यायला हवं होतं. आलो नाही, कारण पेजमेकर. ज्याची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, 2001 साली आली, त्या पेजमेकरवर आजही लग्नपत्रिका, दशक्रिया विधीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल आणि निवडणुकीची हँडबिलं लागतात. हसा खुशाल. पण या गावातलं कागदी जग त्या फायलींमध्ये आहे, आणि ती फाइल उघडणारं यंत्र काउंटरच्या अलीकडे आहे.

या टॅबपुराणाचा मूळ कीर्तनकार मोठा माणूस होता. स्टीव्ह जॉब्ज यांनी 27 जानेवारी 2010 ला आयपॅड जगापुढे ठेवला आणि त्याच वर्षी जूनमध्ये एका जाहीर मुलाखतीत ट्रकचा दाखला दिला. देश शेतीवर जगत होता तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच होत्या. लोक शहरात आले तशा कार वाढल्या. पीसीही ट्रकसारखा होईल, राहील, पण थोड्यांनाच लागेल, असं त्यांचं म्हणणं. दाखला झकास आहे. तो कॅलिफोर्नियात दिला ते बरं झालं. लासलगावच्या बाजार समितीबाहेर दिला असता तर पिकअप आणि ट्रॅक्टरच्या रांगेतून कुणीतरी विचारलं असतं, "साहेब, मग कांदा काय डिकीत घालून आणू?"

आणि ट्रक थोड्यांनाच लागेल म्हणजे काय? ज्याच्याकडे ट्रक नाही त्याचा माल काय उडत जातो? तो भाडं भरतो. ट्रकवाल्याच्या वेळेला, ट्रकवाल्याच्या दराने. कॉम्प्युटरच्या बाबतीत तो ट्रकवाला मी आहे. जॉब्ज यांनी कारचं कौतुक केलं, भाड्याचं काही बोलले नाहीत.

त्यांच्या कंपनीने 2017 साली एक जाहिरात काढली. एक पोरगी दिवसभर आयपॅड घेऊन गावभर भटकते, झाडावर चढते, गवतात लोळते. शेजारीण तिला विचारते की कॉम्प्युटरवर काय करतेस, तर ती उलट विचारते की कॉम्प्युटर म्हणजे काय. अहाहा. त्या पोरीच्या आयपॅडमधलं प्रत्येक ॲप कुणी कशावर बनवलं असेल? ॲपलचं स्वतःचं ॲप बनवण्याचं साधन, एक्सकोड, ते मॅकवरच चालतं. आयपॅडवर चालत नाही. 2021 मध्ये कंपनीने आपल्या लॅपटॉपमधलीच एम-1 चिप आयपॅड प्रोमध्ये बसवली. इंजिन तेच. तरी मॅकवर चालणारे प्रोग्रॅम त्यावर चढवायला मनाई. म्हणजे अंगात ताकद नाही असंही नाही. बैल तोच आहे, फक्त मुसकं बांधलंय, आणि विकताना सांगतात की हा बैल शिस्तीचा आहे.

मायक्रोसॉफ्टनेही हा उद्योग करून पाहिला. 2012 चा सरफेस आरटी. दिसायला विंडोज, पण विंडोजचे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हते. पुढच्या वर्षी कंपनीला 90 कोटी डॉलरवर पाणी सोडावं लागलं. आमच्याकडच्या एखाद्या दिवाणजीला आधी दाखवला असता तरी त्याने चहा पिता पिता सांगितलं असतं, "यात टॅली चालतं का? नाही? मग ठेवा तिकडे." टॅलीवर बसलेल्या अकाउंटंटचे हात कधी पाहा. एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-एट विक्री, एफ-नाइन खरेदी. उजवा हात आकड्यांच्या चौकटीवर, नजर बिलावर, स्क्रीनकडे बघतही नाहीत. तासाला ढिगाने बिलं चढतात. त्याच माणसाला काचेवर आकडे टोचायला लावा, संध्याकाळपर्यंत राजीनामा देईल. टेंडर भरणाऱ्या कंत्राटदारांचं तर बोलूच नका. सहीचा डोंगल यूएसबीत खोचायचा असतो. ते "टॅबला कुठे लावायचा?" असं विचारत डोंगल हातात नाचवत माझ्याकडे येतात. मी म्हणतो, या, बसा.

पण माझा खरा राग वकिलांच्या टॅबवर नाही. त्यांच्याकडे पैसे आहेत, हौस आहे, करू देत. राग आहे तो या काचेवर मराठी लिहिण्याच्या गोष्टीवर. आधी माझ्या पिढीची शेखी मिरवून घेतो. आम्ही रेमिंग्टनवर शिकलो, मग इनस्क्रिप्टवर आलो. इनस्क्रिप्ट ही आपल्या लिपीसाठी डोकं लावून केलेली मांडणी आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एफवर ऱ्हस्व वेलांटी, जेवर र. मधल्या ओळीत उजव्या हाताखाली प, र, क, त, च. मराठी बोलताना व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर असं चालतं, तसे हात आळीपाळीने चालतात, उजवा-डावा, उजवा-डावा, झिम्मा खेळल्यासारखे. हे सगळं शक्य होतं ते एका क्षुल्लक गोष्टीमुळे: एफ आणि जेच्या बटणांवर एक बारीक उंचवटा असतो. बोटं तिथे टेकून विसावतात. न बघता घर सापडतं.

काचेला घर नाही. काचेवर बोट विसावलं की अक्षर उमटतं. त्यामुळे बोटं हवेत धरायची, नजर खाली ठेवायची, अर्धा स्क्रीन कीबोर्डने खाल्लेला, उरलेल्या अर्ध्यात आपण काय लिहितोय ते शोधायचं. मग माणूस काय करतो? इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो आणि टॅब सुचवेल तो शब्द स्वीकारतो. 'पाणी' हवं असतं, 'पानी' येतं, चालतंय की म्हणतो. दर 27 फेब्रुवारीला याच गावात कुसुमाग्रजांच्या फोटोला हार घालून मराठीच्या भवितव्यावर गळे काढतात. त्या भाषणांची टिपणं माझ्याकडे टाइप करायला येतात. ती पाठवलेली असतात टॅबवरून, आणि त्यात 'मराठी बाणा'चा 'मराठी बाना' झालेला असतो. मी गुपचूप ण करतो. त्याचे पैसे लावत नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण या नाटकातला सगळ्यात विनोदी प्रवेश तिथेच आहे. आकाश टॅब आठवतो? जुलै 2010 मध्ये कपिल सिब्बल यांनी 35 डॉलरच्या यंत्राचा नमुना दाखवला. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत गाजावाजा करून आकाश वाटायला सुरुवात झाली. सात इंची पडदा, 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम. पडदा असा, की नुसता स्पर्श पुरायचा नाही, दाबायला लागायचं. दारावरची बेल वाजवतो तसं. वर्षभरानंतर, 11 नोव्हेंबर 2012 ला, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-2. तो बराच सुधारलेला होता, आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी त्यावर मनापासून मेहनतही घेतली. पण देशभरच्या पोरांच्या हातात येणार होतं ते आकाश ठेंगणंच राहिलं. मग 2015 साली मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब वाटले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. हेतू चांगला. दप्तराला पर्याय म्हणून टॅब, हे मला पटतं सुद्धा. पुस्तक वाचायचं यंत्र म्हणून तो चांगलाच आहे. गडबड होते ती त्यापुढे, तो कॉम्प्युटर म्हणून खपवला जातो तेव्हा.

आणि खपवला जातो, सरकारी आकड्यांतसुद्धा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीत, 2017-18 मध्ये, घरात कॉम्प्युटर आहे का असं विचारलं. गावांत 4.4 टक्के घरांत निघाला, शहरांत 23.4 टक्के घरांत. हे आकडेच पुरेसे दरिद्री आहेत. पण गंमत पुढे आहे: या 'कॉम्प्युटर'मध्ये टॅबही धरला होता. म्हणजे उद्या प्रत्येक घरात एकेक टॅब टाकला तर कागदावर देश शंभर टक्के कॉम्प्युटरवाला होईल आणि माझ्या दुकानासमोरची रांग सार्वजनिक शौचालयापर्यंत जाईल.

याच सरकारची दुसरी खिडकी बघा. क्लार्क-टंकलेखकाची नोकरी हवी? मिनिटाला मराठी 30 शब्दांचं किंवा इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंगचं प्रमाणपत्र आणा. ते मिळवायला राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा द्या, जी होते कॉम्प्युटरवर, बटणांच्या कीबोर्डवर. एका खिडकीतून काच वाटायची आणि दुसऱ्या खिडकीतून बटणं मागायची. महाज्योती ही राज्याची संस्था दहावी झालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते, सोबत डेटाही देते. योजनेला नावं ठेवणार नाही. सुरगाण्याच्या पोराला कोटा शहरातल्या मास्तराचा तास ऐकायला मिळतो ही लहान गोष्ट नाही. पण जेईई मेन आणि सीईटी या परीक्षा होतात कशावर? डेस्कटॉपवर. माऊस हातात धरून.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या टायपिस्टाला प्रगती सहन होत नाही. कबूल, थोडं तसंही असेल. माझ्या घरात टॅब आहे. आई त्यावर ज्ञानेश्वरी मोठ्या अक्षरांत वाचते, भावाचा मुलगा चित्रं काढतो आणि कागदावर काढायचा त्यापेक्षा बरी काढतो. अंबडच्या कारखान्यात मशीनसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरला ड्रॉइंग बघायला टॅब मिळाला तर तेलकट हातांनी कागद फाटायचा तरी वाचतो. पण ते ड्रॉइंग वरच्या मजल्यावर कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून काढलेलं असतं, आणि वरचा पगार आणि खालचा पगार एक नसतो. टॅब कुणाच्या हातात जातो आणि कॉम्प्युटर कुणाच्या टेबलावर राहतो, हे जरा बघत चला. साहेब लोकांच्या मुलांकडे टॅब असतो आणि लॅपटॉपही असतो. "टॅबने भागतं" हे दर वेळी दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोललं जातं.

वकीलसाहेब येऊन गेले त्याच आठवड्यात पेठ तालुक्यातून एक बापलेक आले. सकाळच्या एसटीने उतरलेले, पोरीची दुसऱ्या दिवशी सीईटी. हॉल तिकिटाची प्रिंट हवी होती. तिने पिशवीतून टॅब काढला, रुमालात गुंडाळलेला, काचेला एक चरा नाही. माझ्या डेस्कटॉपचा स्क्रीन सेव्हर जातो त्यापेक्षा चपळाईने तिने हॉल तिकीट उघडलं, पाठवलं. मी प्रिंट काढली. बापाने पाच रुपये काउंटरवर ठेवले. पोरगी जाईना. माझ्या हाताकडे बघत होती.

"काका, ते जरा धरून बघू?"

"काय?"

"माऊस. सर म्हणाले उद्या त्याच्यावर असतं. आमच्याकडे कुणाकडे नाही."

मागच्या मशीनवर बसवली. दोन वर्षं हजारो प्रश्न बोटाने सोडवलेली पोरगी. बाण स्क्रीनभर पळायला लागला, तिने घाबरून हात उचलला. परत धरला. एक गोल काढ म्हटलं, काढला, भोपळ्यासारखा. आता त्या चौकोनावर ने आणि एकदाच दाब. दोनदा दबलं. परत. दहा मिनिटांनी जमायला लागलं. मग थांबली. बाण उजव्या कोपऱ्यातल्या बटणापासून वीतभर अलीकडे, आणि माऊस टेबलाच्या काठावर लटकलेला.

"काका, टेबल संपलं."

"उचल आणि मधे ठेव."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी तिला चीटिंग शिकवतोय. उचलला, मधे ठेवला. बाण जागेवरच राहिला होता. ती एकदम हसली, बापाकडे वळून म्हणाली, "बघा ना, उचलला तरी चालतं." बाप स्क्रीनकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत होता, परतीची गाडी की मुक्काम, ठरलेलं नसावं. काउंटरवर माझा फोन थरथरत होता. वकीलसाहेब. फाइल उघडत नसणार. मी फोन उलटा करून ठेवला आणि तिला म्हटलं, आता डाव्या कोपऱ्यात ने.